सक्तीची सहृदयता

करुणा शिकविता येते काय? १९६९ साली सेवाग्रामला निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाने आपले विद्यार्थी खेड्यांत राहावयास धाडले. २०२२ पासून तर देशभर प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपविली जातात. सक्तीने उंबरठ्यापर्यंत नेता येते, एवढे मी अध्यापक या नात्याने मान्य करीन. पुढचे कठीण. पालमनजीकच्या एका खेड्यात म्हातारीचा रक्तदाब टिपून विद्यार्थी उठला, तो तिने विचारले, "लेकरा, परत कवा येशील?" रक्तदाबाला वहीत रकाना होता, या प्रश्नाला नव्हता. बिचारा पुन्हा खाली बसला. ते बसणे हेच खरे शिक्षण, असे म्हणावयाचा मोह होतो. परंतु काही वर्षांनी त्याचे शिक्षण संपेल, तिचे म्हातारपण तेथेच राहील. तिच्या एकाकीपणावर त्याने आपला हात बसवावा आणि भेटी केव्हा थांबवावयाच्या हे मात्र वेळापत्रकाने ठरवावे, हा व्यवहार न्यायाचा कसा?