माळावरचं पाणी

रविवारची सकाळ. टेबलावर दुसऱ्या वर्षाच्या पर्यावरण प्रकल्पांची चळत आणि शेजारी गार झालेला चहा. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि हा विषय पदवीच्या सगळ्या शाखांना सक्तीचा झाला. हेतू चांगलाच होता. पण माझ्या चळतीत ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ याच मथळ्याचे ११ प्रकल्प आहेत आणि त्यातल्या ७ प्रकल्पांत बंधाऱ्याचा फोटोही एकच. बंधाऱ्याच्या डाव्या टोकाला पांढरी टोपी घातलेले एक आजोबा उभे आहेत. गेल्या वर्षीही ते तिथंच उभे होते. एका पठ्ठ्यानं तर सिनियरचा परीक्षा क्रमांकसुद्धा तसाच राहू दिलाय.

चिडावं म्हटलं तर धड चिडताही येत नाही. मोठ्या माणसांचं तरी वेगळं काय असतं? १९९० मध्ये फ्रान्समधल्या ताल्वार या गावी निरनिराळ्या देशांतल्या २२ विद्यापीठांचे प्रमुख जमले. विद्यापीठांनी पर्यावरणासाठी काय करावं याचा १० कलमी जाहीरनामा त्यांनी केला आणि पुढं शेकडो विद्यापीठांनी त्यावर सह्या केल्या. त्यातल्या किती आवारांत गळके नळ दुरुस्त झाले, ते काही सह्यांवरून कळत नाही.

मला हा विषय कळला तो घागर हातात घेऊन उभं राहिल्यावर. ऑगस्ट २०१९. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा धोक्याची ४३ फुटांची पातळी केव्हाच ओलांडून ५५ फूट ७ इंचांवर गेली होती. महामार्ग बंद. शहराला पाणी पुरवणारी उपसा केंद्रंच पुरात बुडालेली. चहूकडं पाणीच पाणी आणि घरातल्या नळाला थेंब नाही, अशी ती गत. गल्लीच्या तोंडाशी टँकर आला की घागरी, बादल्या, रंगाचे रिकामे डबे, कुकरची भांडीसुद्धा रांगेत लागायची. बंगल्यातल्या काकू आणि त्यांच्याकडं धुणंभांडी करणारी मावशी एकामागं एक उभ्या. ‘अवो, घागर जरा म्होरं सरकवा की,’ असं मावशींनी काकूंना म्हणायचं आणि काकूंनी मुकाट्यानं सरकवायची. कुणीतरी म्हणालं, ‘इद्यापीठाचं पानी हाय म्हनं.’

खरंच होतं ते. शिवाजी विद्यापीठानं त्या दिवसांत आपलं पाणी शहराला दिलं. कधीकाळी शहराकडून पाणी घेणाऱ्या विद्यापीठानं!

१९६२ मध्ये विद्यापीठ सुरू झालं तेव्हा ही जागा म्हणजे शहराबाहेरचा उजाड माळ. नुसता मुरूम आणि पायात घुसणारी कुसळं. आज फिरायला गेलं तर मोर आडवे येतात. ८५३ एकरांचं हे आवार. उतारावरून पाऊस पळून जाऊ नये म्हणून चर काढले, तळी राखली, विहिरींचा गाळ उपसला. तळ्यात साठलेलं पाणी झिरपत खालच्या विहिरींना जातं, विहिरीतलं उपसून शुद्ध करून पुन्हा वसतिगृहांत, प्रयोगशाळांत. यात नवीन काय, असं कुठलाही शेतकरी विचारील. काहीच नाही. फक्त ते दरवर्षी करावं लागतं, आणि फोटो काढण्यासारखं त्यात फारसं काही नसतं. गाळ काढलेली विहीर वरून पाहिली तर आधीसारखीच दिसते.

विद्यापीठांच्या अहवालांत हल्ली पाण्याच्या जोडीनं ‘सामाजिक शाश्वतता’ असाही एक जड शब्द असतो. आमच्याकडं त्याला साधं नाव फार पूर्वीपासून आहे: कमवा आणि शिका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते याच बळावर. विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी तीच गोष्ट कोल्हापूरच्या माळावर आणली. गरीब घरातलं पोर आवारातच काही तास काम करतं आणि त्यावर शिकतं. अशा पोराला झाडाचं आळं म्हणजे काय, हे वेगळ्या पेपरात शिकवावं लागत नाही. (शिकवलं तरी ते पोर पाठ करून लिहील, तो भाग निराळा.)

पुन्हा चळतीकडं वळलो. टोपीवाल्या आजोबांना नमस्कार करत करत तळाशी आलो, तर एक अगदी बारीक प्रकल्प. ४ पानं, फोटो एकही नाही, ‘दुर्भिक्ष्य’ शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी चुकलेला. एका मुलीनं आपल्या वसतिगृहातल्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या सांडपाण्याच्या नळीखाली आठवडाभर बादली ठेवली होती. दर दिवशी किती बादल्या भरल्या, त्याचा तक्ता. गुरुवारच्या रकान्यात ‘वीज नव्हती’. रविवारच्या रकान्यात ‘मी गावी गेले, मैत्रिणीनं मोजलं’.

सोमवारी तिला वर्गाबाहेर गाठलं.

‘ते पाणी आता कशाला वापरता गं?’

‘अजून गटारातच जातंय, सर. रेक्टर मॅडम म्हणाल्या, बघू.’