विचारणाऱ्याला उत्तर



काही महिन्यांपूर्वी सकाळच्या विरार लोकलने मुंबईला चाललो होतो. अंगात झगा नव्हता, साधा शर्ट होता. डब्यात भजनी मंडळ रंगात आले होते. भजन संपले. टाळ पिशवीत ठेवता ठेवता एका काकांना माझ्या हातातली जपमाळ दिसली. ते म्हणाले, "ख्रिश्चन का तुम्ही? मग तुमच्या देवाचंही एक भजन होऊन जाऊ द्या!" मी कसाबसा हसलो. "घसा बसलाय," म्हणालो आणि खिडकीबाहेर पाहू लागलो.

घसा बसला नव्हता. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेला, दर रविवारी तुमच्यापुढे प्रवचन करणारा हा धर्मगुरू गाडीत मुका झाला होता.

श्रद्धेविषयी बोलण्याची रीत सगळीकडे सारखी नसते. अमेरिकेच्या दक्षिण भागात नवा शेजारी "तुम्ही कोणत्या चर्चला जाता?" असे सहज विचारतो. फ्रान्समध्ये श्रद्धा ही ज्याची त्याची खाजगी बाब. तिथे १९०५ च्या कायद्याने चर्च आणि शासन वेगळे झाले आणि २००४ पासून सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हे घालून जाता येत नाही. आपला महाराष्ट्र मात्र देवाविषयी मोकळेपणाने बोलणारा आहे. इथे वारकरी टाळ वाजवीत पंढरीला जातो, कीर्तनकार चारचौघांत उभा राहतो. कोणाला संकोच वाटत नाही. संकोच वाटतो तो आपल्याला! श्रद्धा म्हणजे मिस्सा आणि घरातली जपमाळ. बोलायचे काम फादरांचे, असे आपण ठरवून टाकले आहे.

प्रभू येशूने कुष्ठरोग्याला बरे केले आणि कोणाला काही सांगू नकोस म्हणून ताकीद दिली (मार्क १). गरसेकरांच्या प्रदेशात भूतग्रस्ताला मुक्त केले, त्याला मात्र घरी जाऊन आपल्या माणसांना सांगायला पाठवले (मार्क ५). प्रभू एकच, पण आज्ञा दोन. स्थळ पाहून, ऐकणारा पाहून. संत पौल सभास्थानात बोलला तेव्हा त्याने इस्राएलच्या इतिहासापासून सुरुवात केली. अथेन्समध्ये मात्र 'अज्ञात देवा'च्या वेदीपासून. ख्रिस्त तोच, दरवाजा वेगळा.

आपल्या भाषेत तो दरवाजा केव्हाच उघडलेला आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी मराठी ओवीत रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड टिळकांनी अभंगातून आणि कीर्तनातून ख्रिस्त गायिला. तेव्हा भाषेची सबब मला सांगता येणार नाही.

मग अडले कुठे? भीतीपाशी. ख्रिस्ती माणूस ख्रिस्ताविषयी बोलला की 'हा धर्मांतर करायला आला' असा संशय घेतला जातो, हे खरे आहे. घटनेच्या २५ व्या कलमाने आपल्याला धर्म प्रकट करण्याचा अधिकार दिला आहे. पण साक्ष केवळ अधिकाराच्या जोरावर दिली जात नाही. संशयाने घेरलेल्या ख्रिस्ती लोकांनाच संत पेत्राने लिहिले की, तुमच्या आशेविषयी कोणी विचारले तर उत्तर द्यायला तयार असा, मात्र सौम्यतेने आणि आदराने (१ पेत्र ३:१५). कोणाच्या गळी काही उतरवायचे नाही. पण कोणी विचारले तर लपवायचेही नाही.

न विचारता न बोलणे हा संस्कार असू शकतो. विचारल्यावर टाळणे ही माझी भीती होती, आणि त्यात त्या काकांचा अनादरही होता. त्यांनी आपले मोकळ्या मनाने ऐकवले होते आणि माझे प्रेमाने मागितले होते.

या आठवड्यात एवढेच करू या. संध्याकाळच्या जपमाळेनंतर घरातल्या प्रत्येकाने एक वाक्य बोलावे: मी प्रार्थना का करतो? आपल्या बोलीत, पाठ केलेले नको. जे आपल्या मुलांना सांगता येत नाही ते शेजाऱ्याला काय सांगणार?

त्या गाडीने मी नंतरही गेलो. काका अजून भेटलेले नाहीत. पण एक भक्तिगीत मी पाठ करून ठेवले आहे.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू