न घेतलेली शपथ

चर्चमधल्या लग्नात वधूवर वेदीसमोर उभे राहून सुखात, दुःखात, आजारपणात, मरेपर्यंत साथ देण्याचं वचन देतात. कवी नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी असं वचन कधी दिलंच नाही. १८८० साली त्यांचं लग्न लागलं ते अंतरपाट धरून. नवरी जेमतेम अकरा-बारा वर्षांची. तरीही ख्रिस्ती विवाहातल्या निष्ठेचा विषय निघाला की मराठी माणसाला आधी हेच जोडपं आठवावं.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, घरच्यांना पत्ता लागू न देता. निष्ठेच्या या कहाणीची सुरुवातच विश्वासभंगाने होते, ते झाकण्यात अर्थ नाही. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन त्या पंढरपुरात नातलगांच्या आसऱ्याला राहिल्या.

टिळकांना मात्र कायद्याने वाट मोकळी ठेवली होती. १८६६च्या कायद्यानुसार, धर्मांतरामुळे जोडीदार सलग सहा महिने नांदायला नाकारत असेल, तर ख्रिस्ती झालेल्याला कोर्टात जाता येई. न्यायाधीश विचाराला आणखी वर्षभराची मुदत देई. मग काडीमोड, आणि हवं तर दुसरं लग्न. शास्त्राचाही आधार होता: बायबलमधल्या, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल सांगतो की विश्वास न ठेवणारा जोडीदार सोडून गेला, तर जाऊ द्यावं. पण त्याच्या जरा आधी तोच बजावतो, असा जोडीदार नांदायला तयार असेल तर त्याला टाकू नये.

सोयीचं वचन उचलायला कुणाची ना नव्हती. टिळकांनी ते उचललं नाही. ताटातुटीच्या काळात ते पत्रं लिहीत राहिले. पुढे लक्ष्मीबाई नगरला टिळकांकडे आल्या तेव्हा त्यांचं सोवळं कायम होतं. चूल वेगळी, पाणी वेगळं. ज्या माणसाने जातपात झुगारून दिली, त्याने बायकोला तिचं सोवळं सांभाळू दिलं! एरवी टिळक तापट, हाती आलेला पैसा वाटून मोकळे होणारे. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी त्यांना मुळीच सोडलेलं नाही.

१९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. जातिभेद देवाने केलेला नाही, हे त्यांना स्वतःला पटल्यावर.

१९१९मध्ये टिळक गेले. त्यांच्या ‘ख्रिस्तायन’ या काव्याचे दहा-अकरा अध्यायच लिहून झाले होते. पुढचे ६४ लक्ष्मीबाईंनी लिहिले.