कावीळ, कर्म आणि जनपद

रोग हे रोग्याच्याच पूर्वकर्माचे फळ मानायचे, तर एकाच पंधरवड्यात एकाच गावातील म्हातारा, शाळकरी मूल आणि गरोदर बाई यांना एकच रोग का व्हावा, हा प्रश्न कर्मसिद्धान्तापुढे उभा राहतो. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात अग्निवेश जवळजवळ हीच शंका आत्रेयांना विचारतो: माणसांची प्रकृती, आहार, बळ आणि वय वेगवेगळे असताना एकच व्याधी सगळ्या जनपदाचा, म्हणजे वस्तीच्या प्रदेशाचा, एकदम नाश कसा करते? आत्रेयांचे उत्तर असे की, माणसे भिन्न असली तरी वायू, उदक, देश आणि काल या चार गोष्टी सर्वांना समाईक असतात, आणि त्या बिघडल्या की भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी आजारी पडतात. बीडसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यात काविळीचा विचार करताना या चारांपैकी उदकापासूनच सुरुवात करावी लागते.

हेपॅटायटिस म्हणजे यकृताचा दाह, आणि कावीळ हे त्याचे डोळ्यांत दिसणारे चिन्ह. तांबड्या पेशी मोडून तयार होणारे बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य आजारी यकृताला पुरते बाहेर टाकता येत नाही, म्हणून ते अंगात साठते. हा दाह घडवणारे मुख्य विषाणू पाच असून त्यांना ए, बी, सी, डी आणि ई अशी नावे आहेत. त्यांपैकी ए आणि ई हे मैला मिसळलेल्या पाण्यातून व अन्नातून पोटात जातात. बिलिरुबिन आणि एसजीपीटी हे यकृतातील विकर यांच्या तपासण्यांवरून यकृत किती बिघडले हे कळते, पण ते ए आणि ई यांपैकी कोणत्या विषाणूने बिघडवले हे रक्तातील त्या त्या विषाणूविरुद्धच्या आयजीएम प्रतिपिंडांवरून, म्हणजे नव्या संसर्गानंतर शरीराने प्रथम तयार केलेल्या प्रथिनांवरून, ठरते. या दोन प्रकारांचे बहुतेक रोगी विश्रांती, पुरेसे अन्नपाणी आणि यकृताला अपाय करणारी औषधे व दारू टाळणे एवढ्यावर काही आठवड्यांत बरे होतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र ई प्रकार घातक ठरतो. अशा स्त्रियांतील मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरून सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली, ती या ई विषाणूमुळे होती हे पुढे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून उलगडले. महाराष्ट्रात इचलकरंजीने २०१२ साली याच विषाणूची मोठी साथ पाहिली.

आता दसऱ्यानंतर बीडमधून बाहेर पडणारी ऊसतोड मजुरांची टोळी डोळ्यांपुढे आणावी. नवराबायकोची जोडी, जिला तेथे एक कोयता म्हणतात, मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्याच्या पट्ट्यात जाते आणि सहा महिने उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहते. तेथे बहुधा शौचालय नसते आणि पाणी कालव्याचे किंवा जवळच्या विहिरीचे असते. आजारपणाने काम बुडाले तर खाडा पडतो, म्हणजे मजुरी कापली जाते. अशा कोपीत सातव्या महिन्याच्या बाईला कावीळ झाली आणि कोणी तिला तुझे प्रारब्ध म्हटले, तर ते तत्त्वज्ञान नव्हे, ती क्रूरता आहे. चरकही तसे म्हणत नाही. वायू आणि उदक बिघडण्याचे मूळ अधर्मात आहे असे तो सांगतो खरा, परंतु त्या संदर्भात तो देश, नगर आणि जनपद यांच्या प्रमुखांनी धर्म सोडून प्रजेशी वागण्याचे उदाहरण देतो. या उताऱ्याकडे जितके लक्ष जायला हवे तितके जात नाही. येथे अधर्माचा कर्ता एक आणि त्याचे फळ भोगणारा दुसरा आहे, आणि एवढे मान्य केले की रोग्याच्या अंगावरच्या लक्षणांवरून त्याचे पाप वाचण्याची सवय निराधार ठरते.

त्याच अध्यायात आयुष्य सर्वस्वी नियत नसल्याचा युक्तिवादही आहे: ते तसे असते तर औषध, पथ्य आणि सावधगिरी यांना अर्थच उरला नसता. संयुक्त निकाय या बौद्ध ग्रंथातील सीवक नावाच्या परिव्राजकाला बुद्धाने दिलेले उत्तर याच दिशेचे आहे. वेदनेची आठ कारणे सांगताना त्यात पित्ताला पहिले स्थान आहे, आणि कर्मविपाक, म्हणजे कर्माचे फळ, हे त्या आठांतील केवळ एक कारण आहे.

खेड्यापाड्यांत काविळीची माळ गळ्यात घातली जाते. तिचे हिरवे तुकडे वाळून आकसले की गाठी सैल होऊन माळ लांबते आणि कावीळ उतरली असे समजतात. ए आणि ई आपोआप ओसरत असल्यामुळे हा विश्वास टिकून राहतो, आणि तो बाळगणाऱ्याला मूर्ख म्हणणे अन्यायाचे आहे, कारण त्याने पाहिलेले बरे होणे खरेच असते. बी प्रकारात मात्र डोळ्यांचा पिवळेपणा गेल्यावरही विषाणू वर्षानुवर्षे राहू शकतो आणि यकृत निबर होत जाते.

बी आणि सी रक्तातून, दूषित सुईतून पसरतात; बी शरीरसंबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाकडेही जातो, आणि डी फक्त बीच्या सोबतीनेच वाढतो. जन्मताच बी झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्के बाळांत तो कायमचा राहतो, प्रौढांत ५ टक्क्यांहून कमी. नुकत्याच जन्मलेल्या जिवाला कोणते कर्म लावायचे, यावर पूर्वजन्माचे उत्तर तयार असते; पण जन्मानंतर २४ तासांच्या आत दिलेली लस तो धोका बव्हंशी टाळते, हे कळल्यावर कर्म या शब्दाचा भार बाळावरून प्रसूतिगृहातील मोठ्यांवर येतो. बीचे निदान एचबीएसएजी या प्रतिजनावरून होते, आणि गरज असेल तेव्हा टेनोफोविरची गोळी रोज, अनेकदा वर्षानुवर्षे घ्यावी लागते. सीमध्ये प्रतिपिंडे केवळ जुनी गाठभेट सांगतात, म्हणून विषाणूचा आरएनए तपासावा लागतो. सोफोसबुविर व डॅक्लॅटास्विर यांनी बहुधा १२ आठवड्यांत ९५ टक्क्यांच्या आसपास रोगी पूर्ण बरे होतात. २०१८ साली सुरू झालेल्या हेपॅटायटिसविषयक राष्ट्रीय कार्यक्रमात या तपासण्या व औषधे मोफत आहेत, तरी हंगामात परजिल्ह्यात असलेल्या मजुराला गोळ्यांचा खंड पडू न देणे हे वेगळे काम उरतेच.

बीचा रोगी कळला की घरात त्याचे ताट वेगळे होते, वास्तविक एकत्र जेवण्याने किंवा हात लावण्याने तो पसरत नाही. याच जिल्ह्यात परळीला वैद्यनाथ आहे, ज्याच्या लिंगात अमृत आणि धन्वंतरी दडवले गेले अशी आख्यायिका सांगतात, आणि तेथे भाविक गाभाऱ्यात जाऊन स्वतःच्या हाताने लिंगाला स्पर्श करतात. वैद्यांचा नाथ ज्याचा स्पर्श नाकारत नाही, त्याचे ताट त्याच्या घरच्यांनी वेगळे का काढावे?