साठाने गुणलंस का?

मान वर कर आणि इकडे बघ. टेबलावर मांडलेली ही माणसं तुझीच ना? एक कप्तान, एक त्याचा उजवा हात आणि आठ सैनिक. ‘स्टारग्रेव्ह’ हा टेबलावरचा युद्धखेळ खेळायला लागते तेवढी टोळी घाईघाईत पुरी केलीस आणि वर मला विचारतोस, “बाई, कशी झालीत?” ऐक मग.

ही माणसं 28 मिलिमीटरची. खरा माणूस यांच्या साधारण साठपट. तेव्हा यांच्यावर जे काही करशील ते साठाने गुणून बघायचं, हे मी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं होतं. तू ते वहीत उतरवलंस आणि वही मिटलीस.

कप्तानाच्या पाठीवरचा रंग बघ. बाटलीतून थेट ब्रशवर, ब्रशवरून थेट पाठीवर! पाव मिलिमीटरचा थर असेल. गुण साठाने. दीड सेंटिमीटर! दीड सेंटिमीटर रंग थापलेलं चिलखत घालून कोण लढायला जातं? पाणी घालून पातळ केलेला एक हात द्यायचा, तो पुरता वाळू द्यायचा, मग दुसरा. पहिल्या हाताला खालचं प्राइमर दिसणारच. नेमका तिथेच तुझा धीर सुटतो.

खांद्यावर या पायऱ्या कसल्या? “थ्रीडी प्रिंटरचा थर 0.05 मिलिमीटरचा, तो डोळ्यांना दिसत नाही,” असं मलाच शिकवत होतास. साठाने गुणल्यावर तो 3 मिलिमीटर होतो. मॉडेल तिरपं न ठेवता सपाट झोपवलंस, म्हणून जिथे जिथे हलका उतार आहे तिथे तिथे पायऱ्या पडल्या. बरं, पडल्या तर पडल्या. प्राइमरच्या आधी पॉलिशपेपर ओला करून घासायला काय झालं होतं? ड्रायब्रश उंचवटे शोधतो, वॉश खाचांत उतरतो. दोघांनी आपापलं काम चोख केलं. तू ठेवलेली प्रत्येक पायरी त्यांनी जगासमोर आणली.

आता जरा कान नीट उघड. उघड्या हातांनी प्रिंट धुतोस असं कळलं मला. कच्चं रेझिन पुन्हा पुन्हा कातडीला लागलं की एखाद्या दिवशी अ‍ॅलर्जी उठते आणि ती जन्माची सोबत करते. नायट्राइलचे हातमोजे घाल, खिडकी उघड. रेझिन कालवलेलं अल्कोहोल मोरीत ओतायचं नाही; उन्हात ठेवलं की गाळ घट्ट होतो, तो गाळून वेगळा काढायचा. आणि गाळायला आईची चहाची गाळणी घेतलीस तर या वर्गात पाऊल ठेवू नकोस.

तुझा तो मोठा रोबो टाचेपाशी तडकलाय आणि रंगाखालून चिकट काहीतरी पाझरतंय. पोकळ छापलास, पण आतलं रेझिन निघून जायला भोक ठेवलं नाहीस. भोकं खाली, तळाशी करायची, आत धुवायचं, आतूनही अतिनील प्रकाश द्यायचा. वरून कितीही सुंदर रंगवलास तरी आतला ओलावा बाहेर यायचाच.

पण मला खरा राग आलाय तो या बेसचा. टोळी कुठे उतरली म्हणालास? हवा नसलेल्या चंद्रावर. प्रत्येकाच्या तोंडावर बंद हेल्मेट, पाठीवर प्राणवायूच्या टाक्या, आणि पायाखाली काय, तर दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव उगवावं तसं हिरवंगार गवत! गवत उगवतंय तर हेल्मेट कशाला घातलंस त्यांना? वाळू म्हणून कुंडीतली खडी चिकटवलीस. तिचा 5 मिलिमीटरचा खडा या माणसाला 30 सेंटिमीटरचा धोंडा आहे. असा एखादा असू दे, मुद्दाम ठेवलेला. बाकी जमिनीला चाळलेली बारीक माती आणि पाणी घातलेला फेविकॉल पुरे.

आणि बूट? करकरीत, जसे काही आत्ताच दुकानातून आणलेत. 1972 मधल्या अपोलो 17 चे फोटो काढून बघ. सर्नन आणि श्मिट या चांद्रवीरांच्या पांढऱ्या पोशाखांची पायापासून वरपर्यंत धुळीने काय दशा झाली होती! ती धूळ चिकटते, झटकली तरी जात नाही. जमिनीला जो करडा रंग दिलास, तोच ड्रायब्रशने बुटांवर आणि नडग्यांवर चढव, वर जाताना विरळ करत ने. माणूस आणि जमीन एकाच रंगाने बांधली गेली, की तो तिथे उभा आहे असं वाटतं. तुझी माणसं सगळी बेसवर नुसती ठेवलीत.

साठाने गुणता येत नाही अशी एक गोष्ट आहे, प्रकाश. खोलीतला दिवा एवढ्याशा चिलखतावर खऱ्यासारखी सावली पाडत नाही, ती आपल्याला रंगवावी लागते. म्हणून काळ्या प्राइमरवर वरच्या बाजूने पांढरा मारायला सांगितला होता. तू सगळीकडून सारखाच मारलास, तोही भर पावसात गॅलरीत उभं राहून. बघ, रवाळ झालाय.

त्या कोपऱ्यातल्या सैनिकाची हेल्मेटची काच मात्र बरी जमली आहे. वर गडद, खाली उजळ, गडद भागात पांढरा ठिपका. ती तूच केलीस ना? मग बाकीच्या नऊ जणांनी तुझं काय घोडं मारलं होतं?

गवत आजच्या आज उपट. कप्तानाचा रंग काढून टाक, पण अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवून ठेवू नकोस, प्रिंट ठिसूळ होईल. रोबोला भोक पाडून आतून धुऊन आण. आणि तोवर नवीन काही छापायला घेतलंस, तर प्रिंटरची वायर माझ्या कपाटात जाईल.