सिंहिणीच्या नख्या आणि आपली सुरी

मकतबातील एका मुलीने मला विचारले, "मौलाना, अल्लाह रहमान आहे, तर त्याने सिंहाला नख्या का दिल्या?" मी घाईने "ही त्याची हिकमत आहे" असे सांगून मोकळा झालो. तिचे समाधान झाले नाही, आणि ते योग्यच होते.

टांझानियातील सेरेंगेटीचे गवताळ मैदान डोळ्यांसमोर आणा. सिंहिणीचे दोन्ही डोळे समोर असतात. झेपेचे अंतर तिला अचूक कळते. झेब्र्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, म्हणून चरतानाही त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. तिच्या नख्या चालताना आत मिटतात, त्यामुळे बोथट होत नाहीत. दाढा कात्रीसारख्या मांस कापतात. पण दम मात्र थोडा! दबा धरून ती अगदी जवळ सरकते आणि पहिल्या काही क्षणांत सावज हाती लागले नाही, तर थांबते. झेब्र्याची एक लाथ तिचा जबडा मोडू शकते. जॉर्ज शालर यांनी 1966 ते 1969 या काळात तेथील सिंहांचा अभ्यास केला. बहुतेक वेळा शिकार निसटते, असे त्यांना आढळले. शिकार निसटली की छावे उपाशी राहतात. झेब्र्याच्या शिंगरासाठी आपण केलेली दुआ त्या छाव्यांच्या विरोधात जाते, हे आपल्या ध्यानी येत नाही.

मग सिंहीण जालीम ठरते काय? जुलूम म्हणण्यासाठी दुसरा मार्ग मोकळा असावा लागतो. तिचे शरीर गवतावर जगू शकत नाही. फिकहच्या परिभाषेत ती मुकल्लफ नाही. तरीही सहीह मुस्लिममधील एका हदीसनुसार कयामतच्या दिवशी बिनशिंगाच्या बकरीलाही शिंगवालीकडून तिचा हक्क मिळवून दिला जाईल. उलमांनी याचा अर्थ वेगवेगळा लावला आहे. मला त्यातून इतके उमगते, की मुक्या जिवाची वेदनाही अल्लाहच्या हिशेबातून सुटत नाही.

आता आपल्याकडे पाहा. आपल्याला नख्या नाहीत, सुळे नाहीत. सुरी आपण स्वतः निवडून हाती घेतो. सिंहीण मोठ्या सावजाचा गळा दाबून धरते, त्याचा जीव जायला काही मिनिटे लागतात, आणि तिला कोणी जाब विचारणार नाही. आपल्याला मात्र सुरी धारदार करण्याची आणि जनावराला कमीत कमी त्रास देण्याची आज्ञा आहे. जनावराच्या देखत धार लावणाऱ्याला प्रेषितांनी (स.) सुनावले होते. गेल्या बकरीदला गर्दीच्या गडबडीत मी नेमके तेच केले. बकरा दोन हातांवर बांधलेला होता आणि माझ्याकडेच पाहत होता.

त्या मुलीला पूर्ण उत्तर मी अजून दिलेले नाही. यंदा सुरीला आदल्या रात्रीच धार लावून ठेवणार आहे, एवढे मात्र तिला सांगितले.