नियम एकच, न्याय वेगळा



कार्यालयातील महत्त्वाची बैठक रोज संध्याकाळी ७ वाजता. नियम सर्वांना एकच, मग अन्याय कुठला? ॲरिस्टॉटलच्या मते जे समान नाहीत त्यांना सारखेच देणे हाही अन्याय. इथे असमान आहे ती परिस्थिती, योग्यता नव्हे. पाळणाघर बंद व्हायच्या आत धावते ती बहुधा आईच. मग बढतीच्या वेळी म्हणतात, बाईंना कामात रस नाही!

२०१७ साली आपल्या देशात पहिल्या दोन बाळंतपणांसाठीची रजा १२ वरून २६ आठवडे झाली. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचे झाले. स्वागतार्हच. पण कामगार विमा योजना लागू नसेल तिथे त्या रजेचा पगार एकट्या मालकाच्या खिशातून जातो. छोटा मालक हिशेब करतो आणि मुलाखतीतच मुलीला विचारतो, 'लग्न कधी?' हेतू चांगला, पण भार चुकीच्या खांद्यावर. तो सर्व समाजाने उचलावा, असे माझे मत आहे. केंद्र सरकारी नोकरीतील बापाला १५ दिवसांची रजा मिळते. (त्या दिवसांत तो काय करतो, हे घरच्यांना विचारावे!)

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झेर्सेन्स' या परिपत्रकात कामाची रचनाच अशी मागितली की, प्रगतीसाठी स्त्रीला मातृत्वाचा बळी द्यावा लागू नये. महिलादिनी गुलाब वाटून ती रचना बदलत नाही. आपल्यातील मालक व व्यवस्थापकांनी एक वही ठेवावी : बाळंतपणानंतर किती जणी परतल्या, दोन वर्षांनी किती टिकल्या, आणि त्यांतल्या किती जणींना बढती मिळाली.